शुगर निघाली, आता नोकरीचे काय?

कंपनीच्या वार्षिक तपासणीत शुगर निघाली की अनेकांच्या मनात पहिला प्रश्न औषधाचा नसतो. 'साहेबांना कळले तर?' हा असतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. तरीही नोकरीतल्या हक्कांविषयी आपल्याकडे ऐकीव माहितीच जास्त फिरते. कोणी घाबरून आजार लपवतो, तर कोणी कायद्यात नसलेल्या सवलतीची वाट पाहत बसतो. दोन्हींत नुकसान कर्मचाऱ्याचेच होते.

गैरसमज १ : मधुमेह असला की माणूस नोकरीसाठी 'अनफिट' ठरतो.

वस्तुस्थिती : नुसत्या आजाराच्या नावावरून कोणी अपात्र ठरत नाही. तो माणूस ते विशिष्ट काम सुरक्षितपणे करू शकतो का, हे पाहायचे असते. या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाचा १९९७ चा निकाल महत्त्वाचा आहे. एका सार्वजनिक उपक्रमात हंगामी काम करणाऱ्या कामगाराला एचआयव्हीची लागण असल्याचे तपासणीत दिसले आणि त्याचे काम गेले. एरवी तो कामासाठी सक्षम होता. जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही, त्याला केवळ आजारामुळे नोकरी नाकारणे हा समानतेच्या आणि जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे न्यायालयाने सांगितले. निकाल एचआयव्हीबद्दल असला तरी त्यातले तत्त्व मधुमेहालाही लागू पडणारे आहे.

मात्र काही कामांना कडक निकष असतात आणि ते रास्त आहेत. रेल्वेत पदानुसार वैद्यकीय श्रेणी ठरलेल्या आहेत. लोको पायलटला सर्वांत कडक अशी ए-१ श्रेणी लागते, कारण गाडी चालवताना त्याला भोवळ आली तर शेकडो जिवांचा प्रश्न असतो. हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला तोच निकष लावण्यात काही अर्थ नाही.

गैरसमज २ : मधुमेह हे दिव्यांगत्व आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या सवलती मिळतात.

वस्तुस्थिती : दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत. थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात आहेत, पण मधुमेह नाही. त्यामुळे फक्त शुगरच्या रिपोर्टवर दिव्यांग प्रमाणपत्र मिळत नाही. मधुमेहामुळे दृष्टी अधू झाली किंवा पाय कापावा लागला, तर मात्र त्या परिणामाची नोंद दिव्यांगत्व म्हणून होऊ शकते. सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. मूत्रपिंड निकामी होऊन डायलिसिस सुरू असलेल्या रुग्णाचा आजार मात्र या २१ प्रकारांत नाही. कायद्यातली ही मोठी फट आहे.

गैरसमज ३ : नोकरीत असताना पाय गेला किंवा नजर गेली, की घरी बसावे लागते.

वस्तुस्थिती : सरकारी आस्थापनेत असे करता येत नाही. याच अधिनियमाच्या कलम २० नुसार, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावरही आणता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे लागते. जागा नसेल तर ती मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे जादाचे, पद निर्माण करून त्याला सेवेत ठेवावे लागते. १९९५ च्या जुन्या कायद्यातही असेच संरक्षण होते. त्याच्या आधारे २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाय कापावा लागलेल्या एका निमलष्करी जवानाच्या बाजूने निकाल दिला.

२०२५ मध्ये तेलंगणातील राज्य परिवहनच्या एका रंगांध चालकाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने, पर्यायी काम देण्याचा प्रामाणिक प्रयत्न न करता त्याला घरी पाठवणे चुकीचे ठरवले. एसटी, बेस्ट किंवा महापालिकेच्या सेवेत असलेल्यांनी हे निकाल लक्षात ठेवावेत.

गैरसमज ४ : खासगी नोकरीत काहीच हक्क नाहीत.

वस्तुस्थिती : हक्क तोकडे आहेत, पण आहेत. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा योजना, म्हणजे 'ईएसआय', लागू होते. पगारातून कापला जाणारा ०.७५ टक्का हा त्याचाच हप्ता. मालक ३.२५ टक्के भरतो. आजारपणात कामावर जाता आले नाही तर, हप्त्यांची अट पूर्ण असल्यास, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते.

बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट पुढेच आहे. दीर्घ आजारांच्या यादीत ईएसआयने मधुमेहाच्या गंभीर गुंतागुंतींचा समावेश केला आहे : डोळ्याच्या पडद्याचा वाढलेला विकार, मधुमेही पाऊल आणि मूत्रपिंडाचा विकार. अशा रुग्णाला ९१ दिवस संपल्यावर वाढीव लाभ मिळतो. त्याचा दर वेतनाच्या ८० टक्के असून तो एकूण दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. त्यासाठी सलग दोन वर्षांची नोकरी आणि ठरावीक दिवसांचे हप्ते भरलेले असावे लागतात. पायाची जखम भरत नाही म्हणून राजीनामा देणाऱ्या कामगाराने आधी ईएसआयच्या दवाखान्यात हे विचारायलाच हवे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. एचआयव्हीग्रस्तांशी भेदभाव करायला २०१७ च्या विशेष कायद्याने खासगी मालकालाही मनाई आहे. मधुमेहासाठी तसा कायदा आपल्याकडे नाही.

गैरसमज ५ : आजार लपवलेलाच बरा.

वस्तुस्थिती : आपणहून सगळ्या ऑफिसला सांगत फिरण्याची गरज नाही. पण भरतीच्या फॉर्मवर आजाराचा प्रश्न सरळ विचारला असेल, तर 'नाही' असे खोटे लिहू नका. पुढे आजारापेक्षा ते खोटे विधानच कारवाईचे कारण ठरू शकते. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले आहे. तुमचा एचबीए१सी, म्हणजे सरासरी साखरेचा आकडा, किती, हे सहकाऱ्यांना कळण्याचे काहीच कारण नाही. कार्यालयाला बहुतेक वेळा 'फिट', 'अनफिट' किंवा 'अमुक काळजी घेऊन फिट' एवढेच कळणे पुरते.

गैरसमज ६ : खायला सुट्टी, पाळीत बदल, हे सगळे लाड आहेत.

वस्तुस्थिती : रात्रपाळीचे एक दृश्य पाहा. कामगाराने संध्याकाळी इन्शुलिन घेतले आहे, पण काम अडले म्हणून जेवणाची सुट्टी तासभर पुढे गेली. त्याला दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे अडखळते. मुकादमाला वाटते, हा पिऊन आलाय. प्रत्यक्षात त्याच्या रक्तातली साखर डेसीलिटरमागे ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असते. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचे आणि नंतर जेवू घालायचे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने दवाखाना गाठायचा. जेवणाची ठरलेली वेळ, जवळ बिस्किटाचा पुडा ठेवण्याची मुभा, इन्शुलिनसाठी फ्रीजमध्ये थोडी जागा आणि टोचून घ्यायला स्वच्छ आडोसा, इतक्या साध्या गोष्टींनी हा प्रसंग टळतो. रात्रपाळी बंद करून मिळण्याचा सरसकट हक्क नाही, पण डॉक्टरांच्या पत्रासह केलेली मागणी नाकारण्याआधी मालकाने विचार करणे अपेक्षित आहे.

काय करावे?

मागणी तोंडी करू नका. डॉक्टरांकडून पत्र घ्या आणि त्यात आजाराच्या तपशिलापेक्षा कामाच्या ठिकाणी काय लागते ते लिहून घ्या. अर्जाची पोच जपून ठेवा. सरकारी कर्मचाऱ्यांनी अर्धवेतनी आणि परिवर्तित रजेचे नियम पाहावेत. दबावाखाली राजीनाम्यावर सही करू नका; कामावरून काढायचे असेल तर कारण लेखी मागा. प्रमाणित दिव्यांगत्व असेल तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पुण्याला तक्रार करता येते. इतरांनी कामगार आयुक्तालय, संघटना किंवा वकिलाकडे जावे.

आणि मालकांना, अधिकाऱ्यांना विनंती : कर्मचाऱ्याला शुगर आहे हे कळल्यावर 'याला ठेवायचे का?' असे विचारू नका. 'याला नीट काम करायला काय लागेल?' असे विचारा. खासगी क्षेत्राला बांधणारा कायदा व्हायलाच हवा. पण जेवणाची वेळ पाळायला कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.