मोटारीतले पिस्तूल आणि राज्याची सीमा

अमेरिकेत एका राज्याचा शस्त्रपरवाना दुसऱ्या राज्याच्या हद्दीत ग्राह्य ठरेलच असे नसल्यामुळे, पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सी व न्यू यॉर्क ओलांडून व्हरमाँटला मोटारीने निघालेल्या पिस्तूलधारकास मोठा आधार आहे तो १९८६ च्या संघीय कायद्याचा. प्रस्थानस्थानी व गंतव्यस्थानी शस्त्र बाळगण्याचा अधिकार असला, पिस्तूल रिकामे असले आणि ते व काडतुसे डिकीत, हाताशी येणार नाहीत अशी ठेवली, तर मधल्या राज्यांचा मज्जाव आड येत नाही. स्वतंत्र डिकी नसल्यास कुलूपबंद पेटी हवी, डॅशबोर्डचा खण मुळीच चालत नाही, हे मी आग्रहाने सांगतो. मात्र मुक्काम घातक ठरू शकतो: विमान चुकल्याने पिस्तूल असलेल्या सामानासह हॉटेलात रात्र काढून न्यूअर्कला अटक झालेल्या प्रवाशास २०१० साली संघीय अपील न्यायालयाने हे संरक्षण नाकारले.