माणसाची वाट आणि सामानाची वाट

घरांतून कोणी दूरच्या प्रवासास निघालें म्हणजे त्याच्या हातावर दहीं घालावें, वडिलांनीं आशीर्वाद द्यावा, ही चाल नांदेड-लातूरकडील कुटुंबांतून अद्यापि टिकून आहे. बदललें आहे तें इतकेंच, कीं पूर्वीं असा निरोप मुलांना द्यावा लागे. आतां तो आईवडिलांना द्यावा लागतो. मुलें शिकून परदेशीं स्थायिक झालीं. लेकीचें बाळंतपण, नातवाची मुंज अशा निमित्तानें साठी-सत्तरीचीं माणसें, पुष्कळदां एकटींच, समुद्रापलीकडे जातात. महिनाभर आधीं घरांत मेतकूट दळलें जातें, लाडू वळले जातात. परंतु मध्यें विमान बदलावयाचें आहे, तेथें बॅगा कोण उतरवून घेईल आणि पासपोर्ट कोठें दाखवावा लागेल, हा प्रश्न मात्र बहुधा कोणी विचारीत नाहीं. ‘तिकडे गेल्यावर कळेल’ असें म्हणून तो सोडून दिला जातो. आणि नेमका तोच प्रश्न परक्या मुलखांत, अपरात्रीं, समोर उभा राहतो.

गाडी बदलणें मराठवाड्यांतील माणसास नवें नाहीं. पूर्णा, परभणी, मनमाड, कुर्डुवाडी या स्टेशनांवर आमच्या पिढीनें कित्येक रात्री काढल्या आहेत. पण तेथें ट्रंक हमालाच्या डोक्यावर असे आणि आपण त्याच्या मागोमाग चालत असूं. माणूस आणि सामान यांची ताटातूट होत नसे. विमानप्रवासांत ती होते. हैदराबादला किंवा मुंबईला बॅग एकदां पट्ट्यावर गेली, कीं ती आपल्या वाटेनें जाते आणि आपण आपल्या. या दोन वाटा पुन्हां कोठें मिळतात, हें ज्यास समजलें त्याचें निम्में भय गेलें.

प्रथम माणसाची वाट पाहूं. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीनें निघून न्यूयॉर्कला गेल्या, तेव्हां हिंदुस्थानांतून बाहेर जाणाऱ्यास पासपोर्टाची सक्ती नव्हती. ती पहिल्या महायुद्धांत आली व १९२० च्या कायद्यानें पक्की झाली. आजचा आपला कायदा १९६७ चा आहे. या तपासणीचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. कोणत्याहि देशांत आपण जेथें प्रथम प्रवेश करितों तोच त्या देशाचा उंबरठा. पासपोर्ट तेथेंच पाहिला जातो, मग आपलें मुक्कामाचें गांव पुढें कितीहि दूर असो.

दुबई, दोहा येथें विमान बदलणारा उतारू सामान्यतः हा उंबरठा ओलांडीतच नाहीं. ‘ट्रान्स्फर’ अशा पाटीमागें चालत जावें, हातांतील पिशवीची पुन्हां एकदां तपासणी होऊं द्यावी, आणि पुढील विमानाच्या दाराशीं जाऊन बसावें. ‘अरायव्हल’च्या पाटीकडे वळूं नये, ती वाट शहरांत जाणारांची. पण कांहीं देश नुसतें विमान बदलण्यासाठींहि व्हिसा मागतात, आणि हे नियम वारंवार बदलतात. शेजाऱ्याच्या गतवर्षींच्या अनुभवावर विसंबूं नये. तिकीट काढण्यापूर्वीं त्या देशाच्या वकिलातीचा चालू नियम मुलांकडून वाचवून घ्यावा.

युरोपांत शेंगेन करारानें बांधलेले २९ देश आहेत. त्यांचा उंबरठा एकच. फ्रँकफुर्टला उतरून बर्लिनला जावयाचें असेल तर पासपोर्ट फ्रँकफुर्टला पाहिला जातो. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथें शिक्क्याच्या जागीं बोटांचे ठसे व चेहऱ्याचें छायाचित्र घेण्याची पद्धति सुरू झाली आहे. त्यास वेळ लागतो. म्हणून दोन विमानांमध्यें तासाभराचेंच अंतर असलेलें तिकीट वृद्धांसाठीं घेऊं नये.

अमेरिकेचा नियम याहून निराळा आहे, आणि येथेंच दोन्ही वाटा मध्येंच एकत्र येतात. समजा, मुलगा डॅलसला आहे व विमान न्यूयॉर्कला बदलावयाचें आहे. न्यूयॉर्क हाच उंबरठा. तेथें पासपोर्टाची तपासणी झाली कीं, बॅगेवर डॅलसची चिठ्ठी असली तरीहि, ती सामान्यतः स्वतः पट्ट्यावरून उचलावी लागते, कस्टम्समधून न्यावी लागते आणि पलीकडे पुन्हां स्वाधीन करावी लागते. लातूरच्या एका वृद्ध दांपत्यास हें कोणी सांगितलें नव्हतें. चिठ्ठी मुलाच्या गांवाची, तेव्हां सामान तिकडेच जाईल, असें समजून तीं दोघें पुढील विमानांत जाऊन बसलीं. बॅगा मागें राहिल्या, आणि त्यांतच यजमानांचीं रक्तदाबाचीं औषधें होतीं. अबूधाबी मात्र याला अपवाद आहे. तेथून थेट अमेरिकेस जाणाऱ्या उतारूंची अमेरिकन तपासणी २०१४ पासून अबूधाबीलाच होते.

परततांना आपल्या देशालाहि हाच न्याय लागू आहे. परदेशांतून मुंबईला उतरून तेथून हैदराबादचें विमान घ्यावयाचें असेल, तर सामान्यतः पासपोर्ट मुंबईलाच दाखवावा लागतो आणि सामानहि तेथेंच उतरवून कस्टम्समधून न्यावें लागतें. कॅनडा-इंग्लंडाहून नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याच्या दर्शनास येणाऱ्या भाविकांचाहि उंबरठा नांदेड नव्हे. भारतांतील पहिला आंतरराष्ट्रीय विमानतळ हाच होय. मुंबईच्या नांवाचे आतां दोन विमानतळ आहेत, कारण नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला. उतरण्याचा एक व पुढें चढण्याचा दुसरा असें तर नाहीं ना, हें तिकिटावर पाहून घ्यावें.

आतां सामानाची वाट. ती तिकिटावर अवलंबून असते. सारा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बॅग बहुधा शेवटपर्यंत जाते. दोन विमानें निरनिराळ्या तिकिटांवर असतील, तर मध्येंच सामान सोडवून घेऊन पुन्हां द्यावें लागण्याचा संभव मोठा. आणि त्यासाठीं त्या देशांत शिरणें आलें, म्हणजे व्हिसाहि आला. तिकिटांतील थोडी बचत अशी महागांत पडते. बॅगेस बांधलेल्या चिठ्ठीवर विमानतळाचीं तीन अक्षरें असतात : मुंबईचीं बी-ओ-एम, हैदराबादचीं एच-वाय-डी, दुबईचीं डी-एक्स-बी. शेवटच्या मुक्कामाचीं अक्षरें घरींच कागदावर लिहून घ्यावीं व चिठ्ठीशीं ताडून पाहावीं. हातीं मिळालेला चिठ्ठीचा तुकडा जपून ठेवावा.

बॅग भरणाऱ्या गृहिणींस दोन शब्द. औषधें, त्यांची डॉक्टरी चिठ्ठी, चष्मा, मुलाचा पत्ता व एक लुगडें किंवा धोतर हातांतील पिशवींत असावें. फोनास वीज पुरविणारी पॉवर बँकहि हातींच ठेवावी. ती मोठ्या बॅगेंत चालत नाहीं. गंगाजल, तूप, लोणचें यांचें शंभर मिलिलिटरांहून मोठें भांडें हातीं घेऊं नये. विमान बदलतांनाच्या तपासणींत तें काढून घेतलें जाण्याची भीति असते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर मोठ्या बॅगेंतहि घालूं नयेत, कारण त्यांतील तेलामुळें त्या ज्वालाग्राही गणल्या जातात. अमेरिकेंत बरोबरचे सर्व खाद्यपदार्थ जाहीर करावे लागतात. लाडू सांगून न्यावेत; लपवून नेल्यास दंड होऊं शकतो.

इतकें करूनहि बॅग न आल्यास विमानतळ सोडण्यापूर्वींच विमानकंपनीच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. २००९ पासून भारतासहि लागू असलेल्या माँट्रिअल करारानुसार, मोडतोडीची तक्रार बॅग हातीं आल्यापासून सात दिवसांत आणि उशिराची एकवीस दिवसांत लेखी करावयाची असते. एकवीस दिवसांत बॅग न आली तर ती हरवली असें समजून भरपाई मागतां येते.

इंग्रजी येत नाहीं म्हणून धडधाकट माणसासहि चाकांच्या खुर्चींत बसवून पाठविण्याची युक्ति हल्लीं रूढ झाली आहे. ज्याचे पाय थकले आहेत त्यानें खुर्ची अवश्य घ्यावी. तींत कमीपणा नाहीं. पण ज्यांनीं हयातभर संसाराचा गाडा ओढला त्यांस केवळ भाषेपायीं पंगु ठरविणें उचित नव्हे. सुनांनीं व नातवंडांनीं आजीआजोबांजवळ बसून तिकीट वाचून दाखवावें, वाटेचा साधा नकाशा काढावा, आणि दोन प्रश्न इंग्रजींत व मराठींत ठळक लिहून द्यावेत : ‘माझी बॅग कोठपर्यंत जाईल?’ आणि ‘मला पासपोर्ट प्रथम कोठें दाखवावा लागेल?’ पहिल्याच खिडकीवर तो कागद पुढें करावा आणि उत्तर त्याच कागदावर लिहून मागावें. हातावर दहीं घालतांना हा कागदहि त्याच हातीं द्यावा.