आण इकडं, मी करून देतो

पोळा तोंडावर आला की मुरुडच्या घराघरांत काळ्या मातीचे बैल घडू लागतात. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या या गावाला माती विकत आणायची गरज नाही, शिवारात चिकण मातीला तोटा नाही. नातू गोळा मळतो, चार पाय ओढून काढतो, शिंगं लावतो. शिंगं पायांहून लांब होतात आणि वशिंड सरकत पाठीच्या मध्यावर येतं. तेवढ्यात आजोबांचा हात पुढं येतो. "आसा कुठं असतोय व्हय बैल? आण इकडं." पाच मिनिटांत देखणा बैल उभा राहतो आणि नातू मोबाइलकडे वळतो.

आजोबांची माया खोटी नसते आणि बैलाचं ज्ञान तर पिढीजात असतं. चूक होते ती मुलाचं काम ताब्यात घेण्यात. लहान मूल दिसतं तसं घडवत नाही. जे मनात भरलं ते मोठं करतं. व्हिएन्नाहून अमेरिकेत गेलेले कलाशिक्षक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली आपल्या पुस्तकात हे सविस्तर मांडलं. ज्या मुलाला बैलाच्या शिंगांचा धाक वाटला, त्याच्या बैलाची शिंगं लांबच होणार. ती छाटून नीट केली की त्याचं म्हणणंच छाटलं जातं.

दुसरी चूक बक्षिसाची. "चित्र काढ, दहा रुपये देते," असं आजी कौतुकानंच म्हणते. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ सालचा प्रयोग इथं आठवतो. त्यांनी बालवाडीतली चित्रांची आवड असलेली ५१ मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, की चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी रंग पुन्हा समोर ठेवले, तेव्हा कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या जेमतेम निम्मा वेळ चित्रांत रमली. अचानक बक्षीस मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. म्हणजे आजीनं खाऊ जरूर द्यावा, फक्त त्याचा सौदा करू नये.

लातूर जिल्ह्यात असा सौदा टाळणं आणखी जड जातं. परीक्षेच्या तयारीसाठी नावाजलेल्या 'लातूर पॅटर्न'नं गुणांचा हिशेब घराघरांत नेला आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, म्हणून चित्रकलेचा क्लास लागतो. त्या परीक्षा वाईट नाहीत; पण पहिलीतल्या नातीच्या वहीवर आजोबांनी आतापासूनच "याला किती मार्क मिळतील?" विचारलं, तर नवं काही करून बघायचं धाडस ती कशाला करील?

कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली 'सृजन आनंद' विद्यालय सुरू केलं, ते मुलांना स्वतः अनुभव घेऊन, करून बघून शिकता यावं म्हणून. त्यासाठी लागणारा निवांत वेळ घरात बहुधा आजी-आजोबांकडेच असतो. आणि साहित्यही! गोधडीच्या चिंध्या, चिंचोके, कडबा, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी.

येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात कडब्याची कोप, लहानशी खोपी, उभी राहते. पांडवांची पूजा होते, भज्जी-आंबिलीच्या पंगती बसतात. शेजारी नातवंडांना दोन पेंढ्या देऊन त्यांची त्यांना कोप रचू द्यावी. ती पहिल्या वाऱ्याला पडेल. आजोबांनी लगेच उठू नये, "कुठून कलली?" एवढंच विचारावं आणि पोरांनी हाक मारली तरच हात लावावा.

घरी चित्र दाखवायला आलेल्या नातीलाही "लई भारी" म्हणून वाटेला लावू नये. "ही बाई कुठं निघालीय?" असं विचारलं की ती दहा मिनिटं सांगत बसते. मग तिच्यासमोरच कागदामागं तारीख टाकून तो पत्र्याच्या पेटीत ठेवावा. वर्षभराचे कागद तिच्याबरोबर बसून चाळले, की काय बदललं ते तीच दाखवते.