सुगंध, त्वचा आणि गाजर गवत

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांत लेथ किंवा ग्राइंडिंग यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराचे हात दिवसभर कूलंटमध्ये भिजतात. पाळी सुटली की तेलकट हात रॉकेलने पुसायचे, साबणाने खसखसून धुवायचे आणि वास जावा म्हणून एखादे सुगंधी क्रीम लावायचे, असा अनेकांचा क्रम असतो. मग बोटांच्या बेचक्यांत खाज सुटते, कातडी लाल होते, भेगा पडतात. दोष कूलंटचा, साबणाचा की क्रीमचा? उत्तरासाठी आपल्याला दोन वेगळ्या घटना समजून घ्याव्या लागतील.

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर कौलारू छपरासारखा असतो. मृत पेशी ही कौले, आणि त्यांच्यामधल्या फटी बुजवणारे स्निग्ध पदार्थ हा लेप. साबण, रॉकेल, सततचे पाणी हा लेप धुऊन काढतात. छप्पर गळू लागते आणि त्वचेची आग होते. याला क्षोभजन्य त्वचादाह म्हणतात. मात्रा पुरेशी असेल तर तो कुणालाही होतो.

दुसरी घटना ॲलर्जीची. ती थोड्यांनाच होते, पण एकदा झाली की पदार्थाचा अंशही पुरतो. सुगंधी द्रव्ये यात पुढे का? वास नाकापर्यंत पोचायचा तर रेणू हवेत उडाला पाहिजे, आणि त्यासाठी तो लहान हवा. संत्र्याच्या सालीतल्या लिमोनिनचा रेणुभार १३६, लॅव्हेंडरमधल्या लिनालूलचा १५४. साधारण ५०० पेक्षा कमी रेणुभाराचे पदार्थ त्वचेत शिरू शकतात. म्हणजे ज्या गुणामुळे सुगंध दरवळतो, त्याच गुणामुळे तो त्वचेतही झिरपतो.

एवढा लहान रेणू एकटा असताना प्रतिकारयंत्रणेच्या नजरेत भरत नाही. तो त्वचेतील प्रथिनाला चिकटला की मात्र ते प्रथिन परके वाटू लागते. त्वचेतील पहारेकरी पेशी ही खबर जवळच्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तेथे त्या पदार्थाला ओळखणाऱ्या टी-पेशी तयार होतात. या तयारीला दहा-पंधरा दिवस लागतात. पुढच्या संपर्कानंतर एक ते तीन दिवसांत पुरळ उठते. या उशिरामुळे खरा गुन्हेगार लक्षात येत नाही. वर्षभर वापरलेले क्रीम अचानक 'बाधते' तेही यामुळेच. लिमोनिन आणि लिनालूल ताजे असताना फारसे त्रासदायक नसतात. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन बनणारी त्यांची हायड्रोपेरॉक्साइडे मात्र तीव्र ॲलर्जीकारक असतात. म्हणून महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली नव्या बाटलीसारखी नसते.

'नैसर्गिक आहे, मग काय होणार?' हा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याचे उत्तर पुण्याच्या परिसरातच उगवलेले आहे. गाजर गवत मूळचे अमेरिका खंडातले. पुण्यात ते आढळल्याची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली आणि १९७४ साली त्यामुळे होणाऱ्या त्वचादाहावर शोधनिबंध आला. या गवतातील पार्थेनिन (रेणुभार २६२) वाळलेल्या कणांबरोबर हवेतून चेहरा, मान, हात यांवर बसते. पार्थेनिन ज्या रासायनिक कुळातले आहे, त्याच कुळातील द्रव्ये कुष्ठ किंवा कोष्ठ नावाच्या सुगंधी मुळाच्या तेलातही असतात. म्हणूनच सुगंध उद्योगाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांनुसार ते तेल अत्तरात वर्ज्य आहे. लवंगेतील युजेनॉल, दालचिनीतील सिनॅमाल हीही नैसर्गिकच, आणि तीही ॲलर्जीच्या यादीत आहेत.

आता कामगाराकडे परत येऊ. त्याचे छप्पर आधीच गळके असते. शिक्षकाच्या अखंड त्वचेवर निमूट राहणारे क्रीम त्याच्या भेगांतून सहज आत शिरते. क्षोभ ॲलर्जीला दार उघडून देतो. शिवाय काही कूलंटमध्येही सुगंध आणि जंतुरोधक असतात. त्यामुळे नुसत्या अंदाजाने निदान होत नाही, आणि चुकीच्या निदानापायी हातातले कामही सुटू शकते.

यासाठी 'पॅच टेस्ट' असते. याडासोन यांनी ती १८९५ साली मांडली. संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात पाठीवर चिकटवून ४८ तास ठेवतात आणि त्यानंतर दोन-तीनदा पाहणी करतात. ती त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावी. दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडचे मलम लाली दडपते, पण कारण तसेच राहते.

युरोपीय संघाने २००३ साली २६ सुगंधी घटकांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक केले. २०२३ साली ही यादी ८० च्या पुढे नेली. आपल्याकडील वेष्टनांवर बहुधा 'परफ्यूम' किंवा 'फ्रेग्रन्स' एवढा एकच शब्द असतो, आणि त्याआड अनेक द्रव्ये असू शकतात. 'अनसेंटेड' म्हणजे सुगंधरहित असेही नव्हे. मूळ वास झाकण्यासाठी त्यात सुगंध घातलेला असू शकतो.

विद्यार्थ्यांना घरातील साबण, क्रीम, पावडर यांची रिकामी वेष्टने आणायला सांगावे. त्यांवरील सुगंधासाठीचे शब्द शोधून तक्ता करावा. त्वचेवर प्रयोग मात्र करू नयेत. आणि घरी कुणी यंत्रावर काम करत असेल, तर सौम्य साबण, साधे व्हॅसलिन आणि रॉकेलला फाटा, एवढा निरोप विद्यार्थ्याने जरूर न्यावा.