गाठ किती तापली? सांगेल एमआरआय

कर्करोगाच्या पेशी उष्णतेने मरतात, हे वैद्यकशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. अडचण होती ती उष्णता मोजण्याची. शरीराच्या आत गाठ नेमकी किती तापली, हे बाहेरून कळणार कसे? कमी तापली तर कडेच्या पेशी जगतात आणि गाठ पुन्हा वाढते. जास्त तापली तर शेजारचे आतडे किंवा पित्तनलिका भाजते. मेंदूत तर काही मिलिमीटरची चूकही रुग्णाची वाचा किंवा हातापायांतील ताकद हिरावून घेऊ शकते.

या उपचारांचे दोन प्रकार आहेत. हायपरथर्मियात गाठीचे तापमान साधारण ४० ते ४३ अंश सेल्सिअसपर्यंत वाढवतात. त्यामुळे रेडिएशन किंवा केमोथेरपीचा परिणाम वाढतो. अॅब्लेशनमध्ये सुई, लेसर किंवा केंद्रित अल्ट्रासाउंडने ते ६० अंशांच्या पुढे नेतात. तिथे उकडलेल्या अंड्याप्रमाणे पेशींतील प्रथिने गोठतात. १०० अंश ओलांडले की मात्र वाफ होते, ऊती करपतात आणि उष्णता पुढे नीट पसरत नाही.

तापमानाइतकीच वेळही महत्त्वाची. सापारेटो आणि ड्यूई यांनी १९८४मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार ४३ अंशांच्या वर प्रत्येक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो. ४३ अंशांना २४० मिनिटे लागत असतील, तर ४५ अंशांना ६० आणि ५० अंशांना दोन मिनिटांहूनही कमी. म्हणूनच दोन-तीन अंशांचा फरक किरकोळ नसतो.

गाठीत तापमापक तंतू खुपसता येतो, पण तो एकाच बिंदूचे तापमान सांगतो. शेजारून मोठी रक्तवाहिनी जात असेल, तर वाहते रक्त उष्णता वाहून नेते आणि गाठीची तीच बाजू थंड राहते. तो बिंदू नेमका दुसऱ्या बाजूला असला, तर डॉक्टरांची फसगत होते.

इथे एमआरआय कामी येतो. हे यंत्र पाण्यातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रकांचे संकेत टिपते. पाणी तापले की त्याच्या रेणूंमधील बंध सैल होतात आणि या संकेताची वारंवारिता किंचित घटते. एका अंशाला हा बदल दहा कोटींत जेमतेम एक भाग इतकाच असतो. हिंडमन यांनी हा गुण १९६६मध्ये नोंदवला; इशिहारा आणि सहकाऱ्यांनी १९९५मध्ये त्यावरून तापमानाचे चित्र काढण्याची पद्धत मांडली. आता उपचार चालू असताना दर काही सेकंदांनी रंगीत नकाशा पडद्यावर येतो. मेंदूतील लेसर उपचारात नाजूक भागाजवळ मर्यादा आखून देता येते. तापमान तिथवर पोहोचले की लेसर आपोआप बंद होतो. हाडात पसरलेल्या कर्करोगाच्या वेदनांसाठी एमआरआयच्या देखरेखीखालील केंद्रित अल्ट्रासाउंडला अमेरिकेच्या एफडीएने २०१२मध्ये मान्यता दिली.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. चरबीत हा बदल दिसत नाही, त्यामुळे स्तनासारख्या अवयवात मोजमाप अवघड होते. शिवाय ती आधीच्या चित्राशी तुलना करून तापमान काढते. श्वासाबरोबर यकृत हलले की हिशेब चुकतो. सुया आणि उपकरणेही चुंबकाला न जुमानणारी लागतात. सोनोग्राफी स्वस्त आणि सहज उपलब्ध असली, तरी तापलेल्या भागातील बुडबुड्यांचा पांढरा ढग म्हणजे मेलेली गाठ नव्हे. सीटी स्कॅनमध्ये तापलेला भाग किंचित गडद दिसतो, पण वारंवार चित्रे घेतली तर किरणोत्सर्ग वाढतो.

म्हणून यकृताच्या गाठीसाठी अॅब्लेशन सुचवले गेले, तर रुग्णाने काही गोष्टी जरूर विचाराव्यात. गाठीजवळ मोठी रक्तवाहिनी आहे का? उपचार चालू असताना देखरेख कशाने होणार? गाठीभोवतीची थोडी निरोगी कडाही जाळली जाणार का? आणि नंतरचा कॉन्ट्रास्ट स्कॅन कधी? हा शेवटचा स्कॅन टाळू नये. गाठ पूर्ण मेली की नाही, याचे उत्तर तिथेच मिळते.