गाळात झोपलेला माशांचा पहिला घास



उन्हाळ्यात गावचा तलाव आटला की गाळ काढण्याची घाई सुरू होते. पुढे तलाव भरला की मच्छीमार संस्था पैसे मोजून बारीक मत्स्यबीज आणते आणि पाण्यात सोडते. पण जाळे ओढावे तर हाती थोडेच लागते. "बीजच खराब होतं," असे आपण म्हणतो. कधी ते खरेही असते. पण पुष्कळदा बीज चांगले असते, त्याला पहिला घासच मिळालेला नसतो.

पहिला घास कोणता?

अंड्यातून निघालेले माशाचे पिल्लू सुमारे तीन दिवस पोटाजवळच्या बलकावर जगते. बलक संपला की बाहेरचे अन्न हवे, आणि तेही त्याच्या इवल्याशा तोंडात मावेल असे. मोठेपणी कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. पण लहानपणी सगळ्यांचे ताट एकच असते, ते म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव. त्यांतला फार महत्त्वाचा जीव म्हणजे रोटिफर.

बहुतेक रोटिफर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असतात. त्यांच्या डोक्यावर बारीक केसांचे कडे असते. केस हलले की भिंगाखाली चाक फिरल्यासारखे दिसते. या चाकाने ते पाणी ओढतात आणि त्यातले सूक्ष्म शेवाळ व जिवाणू खातात. म्हणजे पाण्यातल्या शेवाळाचे माशाच्या पिल्लाला खाता येईल असे अन्न हेच करतात. पाणी कोमट आणि खाणे भरपूर असले की नराशिवायच मादीपासून माद्या वाढत जातात, म्हणून थोड्याच दिवसांत त्यांची संख्या प्रचंड होते.

तलाव आटल्यावर ते जातात कुठे?

दिवस वाईट येऊ लागले की रोटिफर जाड कवचाची अंडी घालतात. ही अंडी तळाच्या मातीत पडून राहतात. उन्हाने गाळाला भेगा पडल्या तरी ती मरत नाहीत, वर्षानुवर्षे टिकतात. पाणी आले की त्यांतून पुन्हा पिल्ले निघतात. आपण कणगीत बियाणे राखतो ना, तसेच हे तलावाचे बियाणे. ते मुख्यतः गाळाच्या वरच्या काही बोटांच्या थरात असते. सगळा तलाव यंत्राने खरवडला की हे बियाणेही ट्रॉलीत भरून शेतात जाते.

पूर्व विदर्भातला अनुभव

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत हजारो जुने मालगुजारी तलाव आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि पुढे अनेक तलावांची निगा राहिली नाही. गाळ साचला, बेशरम माजली, पाणवनस्पती गेल्या आणि त्यांच्याबरोबर देशी मासेही कमी झाले. अलीकडच्या काळात भंडारा-गोंदिया भागातल्या काही तलावांवर ढिवर समाजाच्या बंधू-भगिनींनी बेशरम उपटली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती लावल्या. तिथे देशी मासे पुन्हा दिसू लागले. कारण साधे आहे. पानांना चिकटून अनेक जातींचे रोटिफर राहतात आणि त्याच पानांच्या आडोशाला माशांची पिल्ले वाढतात.

तलाव दुरुस्त करताना हे करा

१. गाळ जरूर काढा, तो शेताला चांगला आहे. पण तळाचा काही भाग न खोदता राखा. जिथे खोदायचे तिथला वरचा पातळ थर आधी बाजूला काढा आणि पाऊस येण्यापूर्वी पुन्हा पसरा.

२. काठ उभे तासू नका. उतार ठेवा, म्हणजे उथळ पाण्यात वनस्पती उभ्या राहतील.

३. बेशरम आणि जलपर्णी मुळासकट काढा. कमळ, देवधान, पाण्याखालचे हायड्रिला मात्र राखा. ते फार माजले तरच विरळ करा.

४. गवत्या मासा बेताने सोडा. तो पाणवनस्पती फस्त करतो.

५. अगदी बारीक मत्स्यजिरे थेट मोठ्या तलावात सोडू नका. आधी लहान संगोपन तळ्यात वाढवून बोटुकली झाल्यावर सोडा. तलावाला पेलेल एवढेच बीज घ्या. माशांची गर्दी झाली की सूक्ष्म जीव संपतात आणि मासे खुरटतात.

६. धानाच्या बांधीत फवारणी केल्यावर ते पाणी तलावात सोडू नका. फवारणीचा पंप तलावात धुऊ नका.

पाणी कसे तपासावे?

काचेच्या स्वच्छ बाटलीत तलावाचे पाणी घेऊन उन्हाकडे धरा. उड्या मारणारे ठिपके दिसतील, ते रोटिफरपेक्षा मोठे जीव. रोटिफर धुळीसारखे बारीक असतात, त्यांना सूक्ष्मदर्शक लागतो. त्यासाठी बाटली जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात त्याच दिवशी न्या. पाणी काचेसारखे नितळ आणि ठिपका एकही नसेल, तर बीज सोडण्याची घाई करू नका.

बंधूंनो, बियाण्याचे धान्य आपण दुष्काळातही दळत नाही. तलावाचे बियाणेही तसेच राखा. यंदा गाळ काढण्याआधी ग्रामसभेत ही पत्रिका वाचून दाखवा आणि काय अनुभव आला तो आम्हाला पत्राने जरूर कळवा.