‘पोली’ची पोळी होताना

ओठ मिटून निघणारे प, ब, म हे आवाज मुलाला आधी जमतात. म्हणूनच ‘मामा’, ‘बाबा’ लवकर येतात. जीभ मागे वळवावी लागणारा ळ आणि थरथरणारा र उशिरा बसतात. ३ वर्षांचे मूल ‘पोली दे’ म्हणाले तर ‘नीट बोल’ असे दटावण्यात अर्थ नसतो. ‘पोळी हवी? ही घे गरम पोळी,’ एवढे पुरते. बरोबर उच्चार कानावर पडतो, पोळीही मिळते. मोठ्यांनीच लाडाने बोबडे बोलत राहू नये. भाजी निवडताना चाललेल्या गप्पा टीव्हीपेक्षा सरस, कारण त्यांत मुलाच्या उत्तरासाठी थांबता येते. २ वर्षांनंतरही मूल दोन शब्द जोडत नसेल तर आधी कान तपासून घ्यावेत.